करार संपला तेव्हा देश उरला नव्हता : युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवरचे कोरियन मजूर

रानजाई

चेमुल्पो म्हणजे आजचं दक्षिण कोरियातलं इंचॉन. ४ एप्रिल १९०५ ला तिथून 'इलफर्ड' नावाचं ब्रिटिश जहाज १०३३ कोरियन माणसं घेऊन मेक्सिकोला निघालं. ७०२ पुरुष, १३५ बायका, १९६ मुलं. चार वर्षं मळ्यावर राबायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि घरी परतायचं, एवढाच बेत होता. यातल्या बहुतेकांना कोरिया पुन्हा दिसला नाही. मी कोरियन भाषा शिकवते, त्यामुळे हा विषय वाचनात सतत येतो. मराठीत यावर सलग काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

हवाईला गेलेल्या कोरियनांबद्दल बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांचं पहिलं जहाज जानेवारी १९०३ मध्ये होनोलुलूला लागलं आणि पुढच्या अडीच वर्षांत सात हजारांवर माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली. हाल तिथेही होतेच. मजुराला नावाने नाही, बिल्ल्यावरच्या नंबराने हाक मारायचे. पण १९०० पासून हवाईत अमेरिकेचा कायदा होता आणि त्या कायद्याने मजुराला करारात जखडून ठेवता येत नव्हतं. जमलं नाही तर माणूस मळा सोडून शहराची वाट धरू शकत होता. मेक्सिकोला गेलेल्यांना ही वाट नव्हती.

लोक गेले का, हे समजायला तेव्हाचा कोरिया डोळ्यांपुढे आणावा लागतो. १९०१ मध्ये मोठा दुष्काळ पडून गेलेला. फेब्रुवारी १९०४ पासून रशिया आणि जपान यांचं युद्ध सुरू, जपानी फौजा कोरियात उतरलेल्या, राजा नावापुरता. अशात डिसेंबर १९०४ मध्ये सोलच्या 'ह्वांगसोंग सिनमुन' या वर्तमानपत्रात जाहिरात आली. मेक्सिको हा अमेरिकेशेजारचा संपन्न देश आहे, राहायला घर मिळेल, आजारपणात औषधपाणी होईल, पोरांना शाळा असेल. माणसं गोळा करणारा दलाल जॉन मेयर्स, त्याच्या जोडीला एक जपानी वसाहत कंपनी. चीन आणि जपानमध्ये त्याची डाळ शिजली नव्हती, कारण मेक्सिकोच्या युकातान प्रांतातल्या मळ्यांची कीर्ती तिथे आधीच पोहोचली होती. कोरियात ती पोहोचली नव्हती. मेक्सिकोशी कोरियाचे राजनैतिक संबंधच नव्हते, मग कळवणार कोण?

जहाजावर शेतकरी थोडे होते. सोल-इंचॉनकडची शहरी माणसं, फौजेतून कमी केलेले शेकडाभर-दोनशे सैनिक, हातावर पोट असलेले लोक, काही बऱ्या घरातलेही. त्याच सुमारास कोरियन सरकारने परदेशी जाण्यावर बंदी घातली आणि मेक्सिकोला दुसरं जहाज गेलंच नाही. 'इलफर्ड' हे पहिलं आणि तेच शेवटचं.

मेच्या मध्याला ते मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर सालिना क्रूझला लागलं. तिथून आगगाडीने देशाची चिंचोळी कंबर ओलांडून कोआत्साकोआल्कोस, पुन्हा बोटीने प्रोग्रेसो बंदर, आणि मग मेरिदा शहर. मेरिदात वाटणी झाली. वीसहून जास्त मळ्यांचे मालक किंवा त्यांची माणसं आली आणि आपापल्या वाट्याची घेऊन गेली. एका गावचे, एका जहाजातून सव्वा महिना सोबत आलेले लोक असे तासाभरात पांगले.

पिकाबद्दल लिहायला हवं, कारण सगळं त्याभोवती आहे. हेनेकेन म्हणजे आपल्याकडच्या घायपाताचं सख्खं भावंड. युकातानचा प्रदेश सपाट, चुनखडकाचा. जमिनीवर नदी नाही, पाणी खडकातल्या खोल विवरांत. मातीचा थर इतका पातळ की दुसरं काही धड येत नाही, पण हेनेकेन येतं. अमेरिकेत गव्हाची कापणी यंत्राने व्हायला लागली, त्या यंत्राला पेंढ्या बांधायला सुतळी लागे आणि ती सुतळी हेनेकेनच्या वाखाची. गव्हाच्या प्रत्येक हंगामाबरोबर मागणी वाढत गेली आणि मेरिदात मूठभर घराण्यांनी फ्रेंच थाटाचे वाडे बांधले. या वाखाला तिथे 'हिरवं सोनं' म्हणत.

पान माणसाच्या छातीइतकं लांब, टोकाला सुईसारखा काटा, दोन्ही कडांना आकडेदार काटे. कोयत्याने पान बुडातून तोडायचं, टोक उडवायचं, दोन्ही कडा सोलायच्या, आणि पन्नास-पन्नासाच्या मोळ्या बांधून गाडीरुळापर्यंत वाहायच्या. रोजचा आकडा ठरलेला, शेकड्यांनी नव्हे, हजारांत मोजायचा. पहाट व्हायच्या आधी सुरुवात, कारण नंतर ऊन सोसत नसे. शहरात वाढलेल्या, बर्फाच्या थंडीची सवय असलेल्या माणसांनी हे काम कधी पाहिलंही नव्हतं. आकडा भरेना म्हणून बायका-पोरं मदतीला येत. हातमोजे नाहीत, हाताला चिंध्या गुंडाळायच्या. मजुरीतून मळ्यातल्याच दुकानात मका आणि डाळ घ्यायची, ती खर्ची वळती होणार. पळून जाणाऱ्याला पकडून आणत आणि फटके देत.

तूर्त इथे थांबते. चार वर्षांनी काय झालं ते प्रतिसादात लिहीन, कारण माझ्या मते या गोष्टीतला खरा अन्याय तिथे आहे.

भाऊराव पैठणकर

रानजाईताई, घायपात म्हटलं आणि राहवलं नाही. आमच्या मातंग वस्तीत आजोबांच्या पिढीपर्यंत केकताड आणि घायपाताचे दोर वळायचं काम घरोघर होतं. बांधावरची, रेल्वे लाइनच्या कडेची पानं तोडून आणायची, ठेचायची, पाण्यात मुरत घालायची, मग धुऊन वाख काढायचा. पोळ्याच्या आधी कासरे, दावी, मोरक्या यांची धांदल. ते पाणी हाताला लागलं की कोपरापर्यंत खाज सुटते आणि लाल चट्टे उठतात. आजी हाताला गोडंतेल चोळून झोपायची, तरी रात्रभर खाजवायची. काटा बोटात मोडला तर पिकल्याशिवाय निघत नाही. आमची माणसं हे हंगामात काही दिवस करत, तेही आपल्या वस्तीत, आपल्या मर्जीने. वर्षाचे बारा महिने, रोज हजारावर पानं, आणि अंगावर मुकादम, हे काय असेल ते मला वाचताना हातात जाणवलं.

वाख मळ्यावरच काढत होते का? का पानं बाहेर पाठवत?

रानजाई

भाऊराव, फार मोलाचा प्रतिसाद. वाख मळ्यावरच निघे. प्रत्येक मोठ्या मळ्यावर वाफेवर चालणारं यंत्र असे. पान आत सरकवलं की गर खरवडून जाई आणि वाख हातात येई, मग तो आवारात दोऱ्यांवर उन्हात वाळत घालायचा. यंत्रावर हात गमावलेले मजूरही होते. ओल्या गराच्या ढिगांना जो वास येई, त्याचं वर्णन बऱ्याच प्रवाशांनी केलंय.

चौकस

माहिती उत्तम आहे. पण एक शंका. ही माणसं जाहिरात वाचून, सही करून, स्वतःच्या पायांनी जहाजात चढली. याला गुलामी म्हणणं अति होत नाही का? फसवणूक म्हणा, शोषण म्हणा. आफ्रिकेतून साखळदंडात नेलेल्यांशी बरोबरी नको.

अनघा क.

चौकस, हाच मुद्दा आपल्याकडच्या गिरमिटाच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर परदेशी मळ्यांवर मजूर पाठवण्याच्या पद्धतीच्या बाबतीतही मांडला जायचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये कायदेमंडळात ही सगळी पद्धत बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हा सरकारी बाजूचं म्हणणं साधारण हेच होतं की लोक राजीखुशीने जातात आणि करारावर अंगठा देतात. गोखल्यांचा आक्षेप तिथेच होता. जिथे जायचं तो देश माहीत नाही, अटींचा अर्थ कळत नाही, आणि काम सोडलं तर दिवाणी दावा नाही, थेट तुरुंग, असल्या कराराला दोन समान पक्षांचा करार कसं म्हणायचं? ठराव पडला, पण विषय पेटता राहिला आणि १९१७ मध्ये भरती थांबली. त्याआधी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला मजूर पाठवणं बंद करण्याचा त्यांचा ठराव मंजूर झाला होता.

सही आहे म्हणून मर्जी आहे, असं होत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला उचल घेऊन जाणारं जोडपंही अंगठा स्वतःच देतं.

रानजाई

अनघाताईंशी पूर्ण सहमत. चौकस, तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

युकातानमध्ये कागदोपत्री गुलामी कधीच बंद झालेली होती. चालत होती ती कर्जाची वेठ. मूळच्या माया मजुरांची मळ्यावर दोन खाती असत, एक मोठं आणि एक लहान. लहान खात्यावर दुकानातली रोजची उधारी, मोठ्यावर लग्न, आजारपण, बारसं यांचे पैसे. मोठं खातं फिटायचं नाही अशाच बेताने मांडलेलं असे, आणि ते फिटेपर्यंत मळा सोडणं हा गुन्हा. मळा विकला की खात्यासकट माणसंही नव्या मालकाकडे जात. शिवाय उत्तरेकडच्या सोनोरातून बंडखोर याकी लोकांना सरकारने पकडून हजारोंनी इथे आणून टाकलं होतं. त्यात तिसरी भर कोरियनांची. मालकांनी दलालाला माणशी पैसे मोजले होते आणि ते वसूल करायचे होते.

म्हणजे कोरियन माणूस ज्या व्यवस्थेत येऊन पडला, ती आधीपासून माणसाला हलू न देण्यासाठीच बांधलेली होती. त्याच्या हातातल्या करारावर चार वर्षं लिहिली होती, एवढाच त्याच्यात आणि शेजारच्या माया मजुरात फरक. साखळदंडाशी बरोबरी मी करत नाही. पण 'स्वतःच्या पायांनी गेले' हे वाक्य मला फार जाचतं. जायला पाय लागतात, परत यायला भाडं, कागदपत्र आणि वाट पाहणारा देश लागतो.

मॉरिशसची लेक

नमस्कार. माझं माहेर मॉरिशसचं, आता लग्नानंतर ठाण्यात असते. आमचे मूळ पुरुष रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून पोर्ट लुईला गेलेले. आमच्याकडे मराठी माणसं आजही गणेश चतुर्थीला मूर्ती समुद्रावर नेतात. वाडवडिलांचे हाल ऐकत मोठी झाले, म्हणून हा धागा वाचताना गलबलून आलं.

एक फरक जाणवतो तो लिहिते. मॉरिशसला आलेल्या प्रत्येक मजुराची नोंद सरकारी वहीत होत होती. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, नंतरच्या काळात फोटोसुद्धा. 'प्रोटेक्टर' नावाचा अधिकारी होता. तो बऱ्याचदा मळेवाल्यांच्याच बाजूने झुकायचा, तरी तक्रार नेऊन टाकायला एक दार होतं, आणि आज आम्हाला त्या नोंदींतून आपलं गाव शोधता येतं. या कोरियन लोकांची दाद घेणारं कोणीच नव्हतं का?

रानजाई

तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

तक्रार पोहोचली होती. मेरिदात राहणाऱ्या एका चिनी माणसाने या कोरियनांचे हाल पाहिले आणि पत्र लिहून कळवले. फाटके कपडे, तुटक्या चपला, पोराला एका हाताने धरून दुसरं पाठीशी बांधून राबणाऱ्या बायका, असं ते पत्र. ते फिरत फिरत सोलला पोहोचलं आणि जुलै १९०५ मध्ये 'ह्वांगसोंग सिनमुन'नेच त्यावर कळवळून लिहिलं. सात महिन्यांपूर्वी ज्या वर्तमानपत्राने भरतीची जाहिरात छापली, त्यानेच. लोक हळहळले, दरबार हलला, राजाने माणसांना सोडवून आणायचा हुकूम दिला. परराष्ट्र खात्यातले युन ची-हो चौकशीला निघाले. हवाईतले मळे त्यांनी फिरून पाहिले. मेक्सिकोपर्यंत मात्र जाणं झालं नाही, खर्चाला पैसे पुरले नाहीत आणि जपानलाही ते नको होतं.

१७ नोव्हेंबर १९०५ ला जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा तह लादला. परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेला. आता कोरियन सरकारला मेक्सिकोला पत्र पाठवण्याचाही अधिकार राहिला नाही. मळ्यांवरच्या लोकांना चेमुल्पो सोडून तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.

मे १९०९ मध्ये करार संपला. मळ्याचं फाटक उघडलं. हातात परतीचं भाडं नाही, कारण शिल्लक पडेल अशी मजुरीच नव्हती. स्पॅनिश येत नाही. सोबत राबणाऱ्या माया लोकांची भाषा मात्र कित्येकांना यायला लागली होती. बरेच जण पुन्हा त्याच नाहीतर शेजारच्या मळ्यावर हेनेकेन तोडायला गेले, कारण चार वर्षांत शिकलेलं काम तेवढंच. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला. ज्या राज्याची प्रजा म्हणून ते निघाले होते, ते राज्य नकाशावर राहिलं नाही.

म्हणून मी वर म्हटलं की खरा अन्याय तिथे आहे. चार वर्षं कशीबशी काढली असती आणि घरी आले असते, तर ती एका वाईट कराराची गोष्ट झाली असती.

चौकस

वाचलं. 'परत यायला देश लागतो' हे आता नीट पोहोचलं. पुढे यांचं काय झालं तेही लिहा.

सोलवासी

मी नोकरीनिमित्त कोरियात आहे. इंचॉनच्या वोल्मिदो भागात स्थलांतराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, २००८ पासून. हवाईबरोबर मेक्सिको-क्यूबाचाही भाग आहे. इथल्या नव्या पिढीला 'एनिक्केंग' (हेनेकेनचा कोरियन उच्चार) म्हटलं तर अंधूक काहीतरी आठवतं, पुष्कळांना तेही नाही. पश्चिम जर्मनीला १९६३ नंतर गेलेल्या खाणकामगार आणि परिचारिकांबद्दल मात्र घराघरात बोलतात. ते सरकारी कराराने गेले, पैसे पाठवले, त्यांचा आजही मान आहे. मेक्सिकोवाल्यांनी घरी पैसे पाठवले नाहीत, म्हणून लोक विसरले असावेत असं माझं मत.

रानजाई

सोलवासी, संग्रहालयाचं लिहिलंत ते बरं झालं. मेरिदातही एक छोटं कोरियन संग्रहालय आहे, २००७ पासून. पण पैशांच्या बाबतीत मी वेगळं म्हणेन. त्यांनी पैसे पाठवले. घरी नाही पाठवता आले, देशासाठी पाठवले.

करार संपला त्याच महिन्यात, मे १९०९ मध्ये, मेरिदात कोरियन राष्ट्रीय संघाची शाखा निघाली. मूळ संघ त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेला. पुढच्या वर्षी जुन्या सैनिकांनी 'सुंगमु' नावाची लष्करी शिक्षणाची शाळा काढली. दिवसा काटे सोलणारी माणसं संध्याकाळी कवायत करायची, उद्या जपानशी लढायला उपयोग होईल म्हणून. मेक्सिकोतली क्रांती पेटली तशी ती शाळा फार काळ टिकली नाही. १९१७-१८ मध्ये स्वातंत्र्यचळवळीतले मोठे नेते आन चांग-हो कॅलिफोर्नियाहून येऊन बरेच महिने त्यांच्यात राहिले.

आता क्यूबा. १९२१ मध्ये तिथे उसात चांगली मजुरी मिळते असं ऐकून २८८ च्या आसपास कोरियन युकातानहून मनातीला गेले. पोहोचेपर्यंत साखरेचा भाव कोसळलेला होता. मग मातान्सासजवळच्या एल बोलो मळ्यावर गेले. काम कसलं? पुन्हा हेनेकेन. सोळा वर्षांपूर्वीचाच कोयता.

त्यात इम चन-थेक होते. जन्म १९०३ चा, 'इलफर्ड'वर आईसोबत आले तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. कोरियाची एकही आठवण असणं शक्य नाही. या माणसाने क्यूबात कोरियन भाषेची शाळा चालवली आणि शांघायमधल्या हंगामी कोरियन सरकारसाठी वर्गणी गोळा केली. पद्धत अशी होती : रोज शिजवायला तांदूळ घेताना घरातल्या बाईने त्यातला एक चमचा बाजूला काढून ठेवायचा. महिनाअखेर साठलेल्या तांदळाचे पैसे संघाकडे जमा. ज्या घरात मुळात तांदूळ पुरत नव्हता, त्या घरातला तो चमचा. हंगामी सरकारचे किम गु यांनी आपल्या आत्मचरित्रात क्यूबाच्या या मदतीची नोंद केली आहे.

अनघा क.

हे वाचून अक्षरशः थांबले. आपल्या बायकांना मूठ-मूठ धान्य काढून ठेवणं नवं नाही, पण न पाहिलेल्या देशासाठी!

त्या बायकांबद्दल आणखी काही आहे का? ७०२ पुरुषांत १३५ बायका, म्हणजे बहुतेक पुरुष एकटेच राहिले असतील.

रानजाई

बऱ्याच जणांनी माया बायकांशी लग्नं केली. आज युकातानमध्ये या लोकांचे वंशज हजारोंनी आहेत. बहुतेकांना कोरियन येत नाही. बायकांचा स्वतःचा आवाज कागदांत फार थोडा सापडतो, याची मला सर्वांत जास्त रुखरुख आहे. पानं मोजताना नवऱ्याचा आकडा लिहिला जायचा. बायकोने सोललेली पानं त्याच आकड्यात. तिच्या नावावर मजुरी नाही, संघाच्या यादीतही पुरुषाचंच नाव. तांदळाचा चमचा काढणारी ती आणि पावती त्याच्या नावाची.

भाऊराव पैठणकर

मळ्यांची ती कर्जाची पद्धत पुढे कायद्याने बंद झाली का?

रानजाई

हो. मेक्सिकन क्रांतीत १९१५ मध्ये जनरल साल्वादोर आल्वारादो फौज घेऊन युकातानमध्ये आले. त्यांनी मजुरांची कर्जं रद्द ठरवली, फटके बंद केले. माया मजुरांसाठी तो मोठा दिवस. कोरियन तोवर कागदोपत्री मोकळेच होते, त्यांना त्याचा फायदा इतकाच की मजुरी मागताना पाठीवर वळ उठायची भीती गेली. हेनेकेनचं राज्यही पुढे संपलंच. आधी आफ्रिका आणि ब्राझीलमधल्या घायपाताशी स्पर्धा, मग नायलॉन.

मॉरिशसची लेक

इम चन-थेक परत गेले का कधी कोरियाला?

रानजाई

हयातीत नाही. १९८५ मध्ये क्यूबातच वारले. दक्षिण कोरियाने १९९७ मध्ये त्यांचा मरणोत्तर सन्मान केला आणि २००४ मध्ये त्यांच्या अस्थी देजॉनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत नेल्या. त्यांचा मुलगा हेरोनिमो हवानात कायदा शिकला, तिथे फिदेल कॅस्ट्रो त्याच्या बरोबरीने शिकत होते. तो क्रांतीत उतरला, पुढे सरकारात मोठ्या पदांवर गेला आणि उतारवयात क्यूबातल्या विखुरलेल्या कोरियन कुटुंबांना गावोगाव फिरून एकत्र आणायच्या खटपटीला लागला. २००६ मध्ये गेला. क्यूबा आणि दक्षिण कोरिया यांच्यात राजनैतिक संबंध जुळले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये.

चौकस

सोव्हिएत रशियातल्या कोरियनांवरही लिहा ना. साखालिन बेटावर जपानने नेलेले मजूर युद्धानंतर तिथेच अडकले असं वाचलंय.

रानजाई

बरोबर वाचलंत. १९४५ नंतर जपानी नागरिकांना बोटी आल्या, कोरियनांना नाही आल्या. त्यांच्यातल्या पहिल्या पिढीच्या लोकांना मोठ्या संख्येने कायमचं परत येता आलं ते २००० च्या सुमारास, आन्सान शहरात त्यांच्यासाठी वसाहत बांधली तेव्हा. १९३७ मध्ये स्टालिनने सीमेवरच्या पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियनांना मालगाड्यांत भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानला पाठवलं, तो आणखी वेगळा विषय. दोन्ही इथे कोंबले तर दोघांवरही अन्याय होईल. साखालिनचा धागा दिवाळीनंतर काढते. कोणाकडे त्या काळातल्या रेल्वेच्या किंवा कोळसा खाणींच्या कामाची माहिती असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.